विंगेतली शाळा

१९८६ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. कर्जदारांत बागाईतदार होते, दूधवाले होते, दोन पिठाच्या गिरण्या होत्या आणि एक टुरिंग टॉकीज होती. टॉकीजच्या मालकाने दोन प्रोजेक्टर, एक जनरेटर आणि तंबू बँकेकडे नजरगहाण ठेवला होता. नजरगहाणात माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो. बँकेच्या माणसाने अधूनमधून जाऊन तो जागेवर आहे ना, चालतो आहे ना, एवढे पाहून यायचे. त्यामुळे तीन महिन्यांतून एकदा कुठल्या तरी जत्रेत जाऊन तंबूमागे उभे राहणे हा माझ्या नोकरीचा भाग झाला. बँकेच्या प्रवासभत्त्यावर सिनेमा पाहणारा जिल्ह्यातला मी एकटाच अधिकारी असेन.

प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यात पक्के बसवलेले होते आणि ते चालवणारा ऑपरेटर पन्नाशीच्या घरातला, कमी बोलणारा माणूस होता. पहिल्या खेपेला त्याने मला कार्बनची करामत दाखवली. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मध्ये ठिणगीचा पूल पेटतो, तोच सगळा उजेड. कांड्या जळत जातात तसे अंतर वाढते, म्हणून मूठ फिरवून त्या सारख्या पुढे सरकवायच्या. अंतर चुकले की पडद्यावरची नटी पिवळी पडते आणि पब्लिक शिट्ट्या मारते. वीसेक मिनिटांत रीळ संपत येते तेव्हा चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वरती क्षणभर ठिपका दिसतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसऱ्या ठिपक्याला झडप बदलायची. हे सारे जमले तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही. न कळणे हीच या कामाची पावती.

कुठे शिकलात, म्हणून मी विचारले. रीळ गुंडाळणारा पोऱ्या म्हणून लागला होता. सात वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढली. उस्ताद कार्बन लावताना मुद्दाम पाठ करून उभा राहायचा. पोराला विद्या कळली तर आपली भाकरी गेली, हा हिशेब. तेव्हा उस्तादाच्या खांद्यावरून, कधी त्याला झोप लागल्यावर, असे चोरून चोरून शिकणे झाले. मी पाहणीचा तक्ता भरत होतो त्यात डोकावून तो म्हणाला, “सायेब, मशीन दोन लिवल्या, जनरेटर लिवला. चालवनारा कुठं लिवलाय?” तक्त्यात तसा रकाना नव्हता.

हा रकाना मला इतक्या वर्षांनी पुन्हा आठवायला दोन निमित्ते झाली. पहिले कोल्हापूरचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभी राहिलेली ती वास्तू काही तासांत जळाली. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती होती. सुदैवाने आत प्रयोग चालू नव्हता, माणूस गेला नाही. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत वास्तू, इतिहास, विमा, पुनर्बांधणीचा निधी यांवर भरपूर लिहून आले. मला मात्र एक साधा प्रश्न सोडीना. समजा प्रयोग चालू असता, नाट्यगृह भरलेले असते, तर रंगमंचावरच्या माणसांपैकी मुख्य स्विच कुठे आहे, पडदा कोणी टाकायचा, प्रेक्षकांना कोणत्या दाराने काढायचे, हे कोणाला कोणी शिकवले होते? कोल्हापूरच कशाला, महाराष्ट्रातल्या कोणत्याही नाट्यगृहाबद्दल हा प्रश्न विचारून पाहावा.

दुसरे निमित्त परदेशातले. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे मुक्कामाला असताना ब्रॉडवेवर एक संगीतिका पाहायला गेलो. तिकिटाची किंमत रुपयांत करायची नाही असे मुलीने आधीच बजावले होते. हातात जी कार्यक्रमपत्रिका दिली तिच्या शेवटच्या पानांत बारीक टायपात सुतार, वीजतंत्री, सामान सांभाळणारे, ध्वनिवाले यांची नावे होती आणि खाली त्यांच्या युनियनची मोहोर. इंटरनॅशनल अलायन्स ऑफ थिएट्रिकल स्टेज एम्प्लॉइज हे तिचे नाव. आपण सोयीसाठी नुसते ‘अलायन्स’ म्हणू. जुन्या युनियनवाल्याचे कान अशा ठिकाणी टवकारतात. घरी येऊन मी तिची कुंडली मांडायला घेतली ती अजून पुरती संपलेली नाही.

अलायन्सची स्थापना १८९३ ची, न्यूयॉर्कमधली. अकरा शहरांतले रंगमंच कामगार एकत्र आले. न्यूयॉर्कची स्थानिक शाखा तर त्याच्याही आधीची, १८८६ ची. पुढे कॅनडातले कामगार आले आणि सिनेमा आल्यावर प्रोजेक्टर चालवणारेही आले. आज रंगमंच, सिनेमा, दूरचित्रवाणी, प्रदर्शने, मोठे जलसे अशा सगळ्या ठिकाणचे मिळून दीड लाखाच्या वर सभासद आहेत.

या धंद्याला शिक्षणाची गरज का पडली, याचे उत्तर आगीत आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात दुपारचा खेळ चालू होता. थिएटर उघडून सहा आठवडेही झाले नव्हते आणि जाहिरातीत त्याला पूर्णपणे अग्निरोधक म्हटले होते. आर्क दिव्याची ठिणगी पडद्याच्या झालरीला लागली. विझवायला जवळ काय होते, तर भुकटी भरलेल्या पत्र्याच्या नळ्या. अग्निरोधक पडदा खाली सोडायला गेले तर तो अर्ध्यावरच अडकला. कामगारांची कवायत कधी घेतलेलीच नव्हती. सहाशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बायका-मुले पुष्कळ. त्याच्या आधी १८९७ साली पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्यापासून आग लागून सव्वाशेच्या वर माणसे गेली होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या दारूची सख्खी बहीण. तेव्हा ऑपरेटरला परीक्षा आणि परवाना असावा असे शहरे म्हणू लागली. परवाना आला की परीक्षा आली, परीक्षा आली की अभ्यास आला. रिचर्डसन नावाच्या एका जुन्या ऑपरेटरने १९१० साली या कामावर हस्तपुस्तिका लिहिली. पुढे तिच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि ऑपरेटर लोक ती पोथीसारखी बाळगत.

मग १९२६-२७ साली बोलपट आला. सिनेमागृहांत मूकपटाला साथ करणारे वाद्यवृंद असत. त्यांच्या युनियनने काय केले, तर वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती देऊन यांत्रिक संगीताची निंदा केली. जाहिरातींत यंत्रमानवाची चित्रे होती, अगदी राक्षसासारखी. लोकांनी जाहिराती वाचल्या आणि बोलपटाचे तिकीट काढले. वादक हजारोंच्या संख्येने घरी गेले. त्याच थिएटरात, वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये, ऑपरेटर मात्र आवाजाची तबकडी चित्राशी कशी जुळवायची, ॲम्प्लिफायर बिघडला तर काय करायचे हे शिकून घेत होते. यंत्र अवघड झाले तशी त्यांची किंमत वाढली. कित्येक ठिकाणी युनियनने एका केबिनमध्ये दोन माणसांचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

वाचकहो, इथे मला माझी बँक आठवते. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापनांची संघटना यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. किती यंत्रे, कुठे, कशासाठी, कोणाला भत्ता, हे सगळे त्यात बारकाईने होते. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले तेव्हा त्यावर बसणाऱ्याला विशेष भत्ता होता, आणि तो सेवाज्येष्ठतेने कोणाला मिळावा यावर दोन महिने वाद झाला. मीही त्या वादात हिरिरीने होतो. लिपिक असताना युनियनच्या गेट मीटिंगा गाजवल्या होत्या, ती सवय अधिकारी झाल्यावरही गेली नव्हती. पण ते यंत्र आतून कसे चालते, उद्या याच्या जागी काय येईल, आपल्या माणसांना ते शिकवायचे तर कुठे, हा विषय कोणत्याही सभेत निघालेला मला आठवत नाही. बँकेने पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले, चहा-बिस्किटे चांगली होती. पुढे २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्ती आली आणि सरकारी बँकांमधून लाखाच्या घरात माणसे बाहेर पडली. त्यांत माझे कित्येक सहकारी असे होते की ज्यांना हातची रोजकिर्द डोळे मिटून जुळवता येई, आणि जे संगणकासमोर बसायला लाजत. त्यांना कोणी नालायक ठरवले नव्हते. ते स्वतःच स्वतःला तसे समजू लागले होते. हे मी जवळून पाहिले आहे आणि त्यातला माझा वाटा मला टोचतो.

म्हणून अलायन्सची आजची व्यवस्था मी कारकुनाच्या चिकाटीने वाचली. २०११ साली या युनियनने प्रशिक्षणासाठी स्वतंत्र विश्वस्त निधी स्थापन केला. पैसा येतो मालकांकडून. वेतनकराराच्या वेळीच ठरवून घेतलेली रक्कम ते निधीत भरतात. पण तो युनियनच्या तिजोरीत जात नाही. अमेरिकेतल्या १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने असा पैसा थेट युनियनच्या हाती देण्याला बंदी आहे. विश्वस्त मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात, हिशेब तपासून घ्यावे लागतात. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. एकट्याला दार उघडता येत नसे. तीच ही रीत.

या निधीतून शिकवतात काय? उंचावर काम करताना पट्टा कसा बांधावा, वजन टांगताना दोरीवर आणि साखळीवर किती ताण येतो त्याचे गणित, विजेची सुरक्षा, ध्वनिचित्र यंत्रणा, संगणकाच्या जाळ्यावरून चालणारे दिवे. शिकवणारे बहुतेक धंद्यातलेच, आणि शिकवावे कसे याचेही त्यांना शिक्षण दिले जाते. मला सगळ्यात जास्त ही गोष्ट आवडली, कारण आपल्याकडे उस्ताद भरपूर असतात, मास्तर नसतात. शिवाय २००५ पासून रिगर, म्हणजे छतावरून सामान टांगणारे, आणि नंतर वीजतंत्री यांच्यासाठी सबंध उद्योगाची मिळून एक परीक्षा आहे. ती नुसत्या युनियनची नाही. उत्पादक, निर्माते, युनियन सगळे तिच्यामागे आहेत. बसायला आधी अनुभवाचे गुण लागतात आणि मिळालेले प्रमाणपत्र पाच वर्षांनी नवे करावे लागते. आजच्या एखाद्या जलशात प्रेक्षकांच्या डोक्यावर काही टन लोखंड, दिवे आणि कर्णे लटकत असतात. ते कोणी टांगले, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे असे मला वाटते.

आता हे सगळे वाचून कोणाला वाटेल की मी अमेरिकेची आरती ओवाळायला बसलो आहे. तसे नाही. याच अलायन्सचा अध्यक्ष १९३० च्या दशकात शिकागोच्या गुंडटोळीच्या खिशात होता. जॉर्ज ब्राउन त्याचे नाव, आणि विली बायॉफ हा त्याचा कारभारी. संपाची धमकी देऊन दोघांनी हॉलिवुडच्या कंपन्यांकडून खंडणी उकळली. १९४१ साली दोघांना शिक्षा झाली. कितीतरी शहरांत युनियनचे कार्ड बापाकडून मुलाकडे जात असे, काळ्या माणसांना आणि बायकांना दार दीर्घकाळ बंद होते. विद्या ज्याच्या हाती त्याच्याच हाती कुंपणही असते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हंगामाच्या पहिल्याच दिवशी रंगमंच कामगार संपावर गेले, कारण तिथल्या नव्या शिक्षण विभागातले कामही आपल्यालाच मिळावे असे त्यांचे म्हणणे होते. तिथल्या कायम कामगारांची वार्षिक मिळकत चार लाख डॉलरच्या आसपास असल्याचे तेव्हा छापून आले होते. ते वाचून माझ्यातल्या युनियनवाल्यालाही खाकरावे लागले.

आणि दुसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. शिक्षणाने ज्यांना १९२७ साली तारले त्या ऑपरेटरांना पुढे ते तारू शकले नाही. १९५० नंतर न जळणारी फिल्म आली, तेव्हा केबिनमधला धोका गेला. कार्बनच्या जागी झेनॉनचा दिवा आला, तो सारखा पुढे सरकवावा लागत नाही. मग आडव्या तबकड्यांची योजना आली: सगळी रिळे एकत्र जोडून एका तबकडीवर टाकायची, मध्ये बदल करण्याची भानगडच नको. एक माणूस पाच-सहा पडदे सांभाळू लागला. शेवटचा घाव डिजिटलचा. बड्या स्टुडिओंनी २००५ साली डिजिटल प्रक्षेपणाचे मापदंड ठरवले आणि २०१४ उजाडेपर्यंत अमेरिकेत फिल्मच्या प्रती काढणेच थांबवायला सुरुवात झाली. आता चित्रपट पेटीत येतो, त्याची किल्ली संगणकावर वेगळी येते. ठरल्या तारखेआधी ती लागत नाही, ठरल्या तारखेनंतर चालत नाही. खेळ सुरू करायला मॅनेजर पुरतो.

एकाच युनियनमधला रंगमंच कामगार टिकला, ऑपरेटर का संपला? मला दिसते ते असे. रंगमंचवाल्याने आपले काम म्हणजे ‘रंगमंच उभा करणे’ असे धरले. त्यात सुतारकी होती, मग वीज आली, मग ध्वनी, मग व्हिडिओ, संगणक. हॉटेलातली अधिवेशनेसुद्धा त्याने आपल्यात ओढली. ऑपरेटरने आपले काम म्हणजे ‘हे यंत्र, ही केबिन’ असे धरले आणि केबिनची राखण केली. केबिनच राहिली नाही तेव्हा राखण कशाची करणार? थोडा न्याय त्यालाही द्यायला हवा. रंगमंचावर दर खेळाला काहीतरी नवे उभे करावे लागते; पडदा मात्र एकदा उभा केला की उभाच राहतो. प्रत्येक धंद्याला ऐसपैस होता येतेच असे नाही. आणि विद्या गेली की मागून तिची आठवण येते ती अशी: २०१५ साली टॅरंटिनोचा ‘द हेटफुल एट’ सत्तर एमएममध्ये दाखवायचा ठरला तेव्हा जुने प्रोजेक्टर शोधून दुरुस्त करावे लागले आणि ते चालवणारी माणसेही हुडकावी लागली. २०२३ च्या ‘ओपनहायमर’ची आयमॅक्स फिल्म अकरा मैल लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास होती. जगभरात जेमतेम तीस ठिकाणी ती दाखवता आली.

आता आपल्याकडे वळू. मराठी नाटकाचा बॅकस्टेज कामगार रात्री साडेअकराला सेट मोडतो, टेम्पोत भरतो, त्याच गाडीने निघतो आणि सकाळी दुसऱ्या गावात उतरून पुन्हा उभा करतो. त्याला ‘नाईट’ मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, मध्ये काही काळ उघडून पुन्हा बंद झाली, ती राज्यात २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. मधल्या काळात कलावंतांनी, प्रेक्षकांनी या कामगारांना किराणा पोचवला, पैसे पाठवले. त्यांच्या संघटनाही धावल्या. हे सगळे चांगलेच झाले. पण आपल्या संघटनांची कल्पना बहुधा इथेच संपते: अडीअडचणीला मदत, नाईटची वाढ, आजारपणात हातभार. विद्यापीठांतून, नाट्यशाळांतून दिग्दर्शक आणि प्रकाशयोजनाकार तयार होतात. शिडीवर चढून तो दिवा प्रत्यक्ष बांधणारा कुठे तयार होतो? तो तयार होत नाही. तो लागतो. कोणाच्या तरी ओळखीने लागतो.

मी हे दोन-तीन निर्मात्यांशी आणि काही बॅकस्टेजवाल्यांशी बोललो. दर प्रयोगामागे शे-दोनशे रुपये निर्मात्याने बाजूला काढावेत, खात्यावर निर्मात्यांच्या आणि कामगारांच्या संघटनेची अशा दोन सह्या असाव्यात, आणि पावसाळ्यात प्रयोग कमी असतात तेव्हा एखाद्या नाट्यगृहातच पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा, एवढीच माझी सूचना. निर्माते म्हणाले, प्रयोगाचा खर्च निघत नाही, त्यात हे कुठून आणायचे. हे खोटे नाही. पण जाहिरातीच्या खर्चापुढे ही रक्कम काय आहे, हे त्यांच्याच हिशेबाच्या वहीत बघता येईल.

कामगारांचे म्हणणे मला जास्त जड वाटले. एकजण म्हणाला, “काका, प्रमाणपत्र मिळालं तर नाईट वाढणार का? नसेल वाढणार तर ते भिंतीवर लावायचं का?” आणि दुसरा, साठीला आलेला, हळूच म्हणाला की त्याला वाचता येत नाही, परीक्षा आली तर तो बाहेर. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही दोरी सुटलेली नाही. या दोन्हींची उत्तरे दिल्याशिवाय वर्ग उघडू नये. पहिल्याचे उत्तर करारात आहे: शिकलेल्याला नाईट जास्त, हे आधी लिहून घ्यावे, मग वर्ग. दुसऱ्याचे उत्तर असे, की परीक्षा तोंडी आणि हाताने, मराठीत, रंगमंचावरच घ्यावी. आणि त्या साठीच्या माणसाला विद्यार्थ्यांत न बसवता मास्तरांत बसवावे. गाठ कशी मारायची हे त्यानेच दाखवायचे. विजेचा भार किती धरायचा हे मात्र दुसऱ्याने, कारण तिथे नुसत्या अनुभवावर विसंबून चालत नाही.

महाराष्ट्रातली पुष्कळशी नाट्यगृहे महापालिकांची आणि नगरपालिकांची आहेत. वर्गाला जागा देणे त्यांना जड नाही, आणि वर्ग केलेला निदान एक माणूस विंगेत असल्याशिवाय पडदा उघडायचा नाही अशी अट भाडेकरारात घालणे त्याहून सोपे. कोल्हापूरच्या पुनर्बांधणीत खुर्च्या किती, वातानुकूलन कसले, दगड कुठला, यांवर बैठका होतात, तशी एक बैठक याच्यावर व्हायला हरकत नसावी.

त्या टुरिंग टॉकीजचे कर्ज १९९१ साली फिटले. मालकाने कर्ज वेळेत फेडले, याची नोंद मी स्वतःच्या हाताने केली. तंबू पुढे लग्नाच्या मांडवाला गेला आणि मशीन वजनावर विकल्या गेल्या. निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो तेव्हा ऑपरेटरच्या घरी मुद्दाम जाऊन आलो. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू; आवाजावरून ओळखले. नातू पुण्यात नाटकांच्या गाडीवर लायटिंगला असतो म्हणाला. कुठे शिकला, असे विचारले.

“कुठं शिकनार सायेब? मागं उभा राहून बघतो.”